सोडून दिलेले ठोके

आईने अट घातली ती डॉक्टरांच्या खोलीत, माझ्यादेखत आणि मला न विचारता.

"एको करू. एको हो म्हणाला तर मशीन बसवून घेईन. नाही म्हणाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तुम्हीही नाही, आणि हिने तर मुळीच नाही."

डॉक्टर हसले. पंधरा वर्षांपूर्वी ते या हॉस्पिटलात नवे आले तेव्हा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, वाचायला त्यांना आईनेच शिकवलं होतं, त्यामुळे तिच्या अटी त्यांच्या ओळखीच्या होत्या. मी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होते.

आईचं हृदय मोठं आणि ढिलं झालं होतं. डाव्या कप्प्याच्या दोन भिंती एकाच वेळी आवळायला हव्यात. तिच्या हृदयात मागच्या भिंतीला निरोप उशिरा पोचत होता. मधली भिंत आवळून सैल पडायला लागली की मग मागची जागी व्हायची. डॉक्टर मला समजावून सांगत होते, "म्हणजे बघा, चादर पिळताना दोन टोकांना दोघं उभे आहेत, आणि एक जण पीळ द्यायला उशीर करतोय. पाणी निघणार कसं?"

"डॉक्टर, चादर माझी आहे," आई म्हणाली.

"हो बाई. उदाहरण तुमचंच आहे."

"नाही, म्हटलं सांगावं. पुढे कोणी तुमच्या नावावर खपवेल."

मशीन म्हणजे गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवायची काडेपेटीएवढी डबी. तिच्यातून तीन तारा निघतात. त्यातली एक शिरेतून फिरत फिरत मागच्या भिंतीपर्यंत नेतात, आणि मग डबी दोन्ही भिंतींना एकदम टोला देते. ज्यांना ते मानवतं ती माणसं महिन्या-दोन महिन्यांत चालायला लागतात. पण दहातल्या तिघांना काहीच फरक पडत नाही; शस्त्रक्रिया होते, तारा जातात, आणि माणूस होता तिथेच राहतो. कोणाला मानवेल हे बऱ्याचदा कार्डिओग्रामवरून सांगता येतं. आईचा कार्डिओग्राम बरोबर सीमेवर होता. "नुसत्या एकोवर कोणी ठरवत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तुमच्या बाबतीत तोच ठरवेल असं दिसतंय."

त्या हॉस्पिटलात आईने एकतीस वर्षं एको केला होता. तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत. पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून तिथे दिवे मंद ठेवतात, आणि माझ्या लहानपणी दुपारी शाळेतून मी तिथे गेले की आधी काही दिसायचंच नाही, नुसता तिचा आवाज यायचा: "डाव्या कुशीवर वळा. हात डोक्याखाली घ्या. घाबरायचं काही नाही, मी आत जाणार नाहीये." सगळे तिला एकोवाल्या बाई म्हणत. तिने तिथे तेवीस जणांना हे काम शिकवलं. त्यातले बहुतेक आता गावोगावच्या हॉस्पिटलांत आहेत. शेवटची शिष्या मात्र तिथेच राहिली, आणि आई निवृत्त झाल्यावर त्या खोलीची प्रमुख झाली. पहिल्या दिवशी ती न थांबता इतकी बोलली की आईने तिचं नाव चिमणी ठेवलं. आता तिच्या कानावरचे केस पांढरे झालेत, पण नाव तेच आहे.

म्हणजे आईचा एको चिमणी करणार होती.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नाही. चार महिन्यांपूर्वी मी माझं घर बंद करून आईकडे आले होते, माझ्या कामासकट. मी एका प्रकाशकासाठी प्रुफं तपासते, ते कुठेही बसून करता येतं. आई खिडकीशी खुर्चीत बसायची, आणि आडवं पडलं की दम लागायचा म्हणून खुर्चीतच झोपायची. डॉक्टरांकडे जायचं असेल तेव्हाच खाली उतरायची. परत चढताना शेजाऱ्यांनी प्रत्येक वळणावर स्टूल ठेवलेलं असायचं, तिथे ती बसायची आणि मी तिची पर्स धरून उभी राहायचे. एका जिन्याला पंधरा मिनिटं लागायची. एकदा दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, "तू पुढे जा. गॅसवर चहा ठेव. मी येईपर्यंत उकळेल."

"आई, तो आटून जाईल."

"मग दोनदा ठेव."

मला ती बरी व्हायला हवी होती. मला माझं घरही परत हवं होतं. या दोन इच्छा मी कधी वेगळ्या करून पाहिल्या नाहीत.

एकोच्या दिवशी आई कपडे बदलायला आत गेली, तेव्हा मी चिमणीला बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चिमणे, चांगलं येऊ दे गं. नाही आलं तर ती ऐकणार नाही."

"ताई, येईल तसं येईल," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघते मी."

आई टेबलावर डाव्या कुशीवर वळली. भिंतीवर एक दुसरा पडदा आहे, तो तिनेच मागून मागून लावून घेतला होता; घाबरलेल्या माणसाला स्वतःचं हृदय दिसलं की तो गप्प पडून राहतो, असं तिचं म्हणणं. चिमणीने जेल लावलं तशी ती शहारली.

"गार आहे. गरम करून ठेवायचं शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं बाई. हीटर बिघडलाय. तीनदा अर्ज दिलाय."

"माझ्या वेळी मीही तीनच दिले होते. चौथ्याला लाज वाटते. आणि पाठ ताठ ठेव, म्हातारपणी मान धरेल."

"धरलीच आहे."

पडद्यावर दोन रेघा सरकायला लागल्या, एक पिवळी, एक हिरवी. पिवळी मधल्या भिंतीची, हिरवी मागच्या भिंतीची. प्रत्येक ठोक्याला रेघ वर जाते आणि खाली येते, उंचवटा तयार होतो. पिवळ्याचं टोक आणि हिरव्याचं टोक यांत किती अंतर आहे ते मोजायचं. तेवढा मागच्या भिंतीचा उशीर. डॉक्टर पासष्ट मिलिसेकंदांची रेषा धरत. त्याच्या वर असेल तर मशीनचा उपयोग होण्याची शक्यता बरी, खाली असेल तर नाही. हे सगळं मला माहीत होतं, कारण आमच्या घरी जेवताना हेच बोलणं असायचं. रेघ नेहमी शहाण्यासारखी वागत नाही हेही माहीत होतं. कधी कधी एका ठोक्यात एकाऐवजी दोन उंचवटे येतात, एक आधी आणि एक नंतर, आणि त्यातला खरा कोणता ते कळत नाही. आई त्यांना कुबड म्हणायची. तिचा नियम त्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता, तिच्याच अक्षरात: तीन ठोके घ्या. स्वच्छ घ्या. कुबडवाला सोडा.

चिमणी चित्र थांबवायची, मागेपुढे करायची, पुटपुटायची. "हा नको… हाही नको… हा छान आहे… हा नको."

मी दाराशी उभी होते. आई भिंतीवरच्या पडद्याकडे पाहत होती. आयुष्यभर पाहत आली तसंच, कपाळाला एक आठी घालून. मग मध्येच तिने डोळे मिटले. मला वाटलं, दमली.

"ब्याण्णव!" चिमणी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "बाई, ब्याण्णव आलं."

मी दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले.

"ब्याण्णव," आई म्हणाली. तिने अजून डोळे उघडले नव्हते. "वा. आता पुसायला टिश्यू दे, गार पडलेय मी."

महिन्याभरात मशीन बसलं. पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी तिचं वजन लिहायचे, पायाची सूज बोट दाबून बघायचे, आणि तिचा चेहरा निरखायचे. "माझ्या तोंडावर काय छापलंय?" ती विचारायची. "चुका काढतेयस का?"

तिसऱ्या आठवड्यात ती खुर्चीत जरा डावीकडे कलंडून बसली होती आणि मला तिच्या पोटाशी काहीतरी उडताना दिसलं. उचकीसारखं, पण आवाज नाही. प्रत्येक ठोक्याला एक. मिनिटाला सत्तर. मागची तार श्वासाच्या पडद्याकडे जाणाऱ्या नसेच्या फार जवळ बसली होती; आई डावीकडे झुकली की डबीचा टोला हृदयाबरोबर त्या नसेलाही बसायचा. हॉस्पिटलातल्या मशीनवाल्या बाईने लॅपटॉप जोडून टोला कमी केला. उचकी थांबली, पण मग टोला मागच्या भिंतीपर्यंत पोचेना. वाढवला की उचकी परत. तास-दीड तास वरखाली करून तिने मधला एक आकडा काढला आणि सांगितलं, "यात चालेल. फक्त डाव्या कुशीवर वळायचं नाही."

रिक्षात बसल्यावर आई हसायला लागली. हसताना तिला दम लागला. "एकतीस वर्षं लोकांना म्हटलं, डाव्या कुशीवर वळा, डाव्या कुशीवर वळा. तळतळाट लागला बघ कोणाचा तरी."

"तार दुसरीकडे बसवता येते म्हणाले डॉक्टर."

"बसवू दे त्यांना. दुसऱ्या कोणालातरी."

सहा महिने गेले. काही झालं नाही. आधी मी म्हणायचे, वेळ लागतो. मग म्हणायचे, निदान वाढत तर नाही. मग सूज घोट्यावरून पोटरीवर आली आणि मी काही म्हणेनाशी झाले. आईने जिना सोडला. मीही जवळजवळ सोडला. भाजी, औषधं, प्रुफं सगळं दारात यायला लागलं. दोन खोल्यांत आम्ही दोघी, आणि तिच्या बिनमिठाच्या जेवणाची भांडी. मी माझ्या घरमालकाला कळवून टाकलं की आता येणार नाही. डॉक्टरांना फोनवर विचारलं, "पण ब्याण्णव आलं होतं ना?" ते म्हणाले, "दहातले तिघं. मी सांगितलं होतं." त्यांच्या आवाजात चीड नव्हती. मला ती असती तर बरं वाटलं असतं.

सहा महिन्यांनी पुन्हा एको करायचा असतो. अँब्युलन्सची दोन माणसं तिला खुर्चीत बसवून खाली घेऊन गेली. "आजी, घट्ट धरा," एक जण म्हणाला. "अरे, मी धरलंय. तू सोडू नकोस म्हणजे झालं," आई म्हणाली.

त्या खोलीत चिमणीने छातीवर फिरवायचा प्रोब हातात घेतला आणि आई म्हणाली, "आज सगळे घ्यायचे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे ठोके. जेवढे येतील तेवढे. कुबडवालेसुद्धा. एकही सोडायचा नाही."

"पण बाई, त्यात खरं टोक—"

"दोन्ही टोकं मोज आणि दोन्ही लिही. आणि माझा मागचा एको काढ. मशीनमध्ये असेलच. तोही सगळा मोज."

"तो मी नंतर निवांत—"

"आज. माझ्यासमोर."

मग ती डाव्या कुशीवर वळली. मी पुढे झाले, तर तिने हातानेच मला थांबवलं. पोट उडायला लागलं. चित्रही प्रत्येक ठोक्याला हिसका खात होतं, आणि चिमणीला प्रोब दाबून धरावा लागत होता. पंचवीस मिनिटं. आईच्या कपाळावर घाम आला, तो मी पुसला. पडद्यावरून तिने नजर काढली नाही.

मग चिमणीने जुना एको काढला. साठवलेले एकोणीस ठोके होते. तीन स्वच्छ, ते ती त्या दिवशी मोजून बसलेली. उरलेल्या सोळांना कुबडं. तिने एकेक मोजायला घेतलं. त्या सोळांपैकी बहुतेकांत पहिली टोकं दोन्ही रेघांची जवळजवळ बरोबरच होती: तीस, अठ्ठावीस, पस्तीस, वीस. ती टोकं धरून एकोणीसचे एकोणीस मिळून सरासरी आली चाळीस.

चिमणीचा हात माउसवर तसाच राहिला.

"बाई, मी…"

"मी शिकवलं तसं केलंस," आई म्हणाली. "मला सरळ करा आता. उचकी पुरे झाली."

घरी आल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली, पाणी दिलं. नंतर विचारलं.

"तुला तेव्हा दिसलं होतं?"

"काय?"

"आई."

तिने ग्लास खाली ठेवला. "दिसत होतं. पहिल्या पाचात चार कुबडवाले होते. एवढे सोडावे लागतात तेव्हा समजावं की सोडतोय तेच हृदय आहे. हे मला दिसलं, आणि त्याच वेळी हेही दिसलं की हे मला आजच दिसतंय असं नाही."

"मग नियम तसा का केलास?"

"पहिलं मशीन होतं ना, त्याच्या पडद्यावर तीनच ठोके मावायचे. पुढचे आले की मागचे गेले. त्यातलेच घ्यायचे. तीन घ्यायची सवय मशीनची. स्वच्छ घ्यायची माझी. मला ती कुबडं बघवायची नाहीत. एखाद्याच्या शर्टाची कॉलर दुमडलेली असली की हात शिवशिवतात तसं व्हायचं." ती थोडी थांबली, श्वासासाठी. "नंतर मशीन बदललं. मिनिटभराचं साठवायला लागलं. कागद भिंतीवरच राहिला."

"तू तिथल्या तिथे बोलली का नाहीस? ती थांबली असती. मी थांबले असते."

"बोलले असते, तर बाकीच्यांना कुठे नेऊन ठेवू?"

"कोण बाकीचे?"

"एकतीस वर्षांतले, बयो. त्या टेबलावरचे. मी डोळे मिटले. म्हटलं, ब्याण्णव तर ब्याण्णव. कोण जाणे, खरंही निघेल." खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती तिकडे पाहत राहिली. "आणि तू दारात उभी होतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. उभी होतीस."

त्याच वेळी मी तिला सांगायला हवं होतं की पॅसेजमध्ये मी चिमणीला काय म्हटलं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण आईला दम लागला होता, आणि मी औषध आणायला उठले, आणि परत आले तेव्हा तिने वर्तमानपत्र उघडलं होतं. पुढेही तशा संधी आल्या. प्रत्येक वेळी काहीतरी आणायला मी उठले.

पाच आठवड्यांनी ती गेली. दुपारी, खुर्चीत. मी स्वयंपाकघरात होते. तिने हाक मारली नाही, किंवा मारली असेल तर मला ऐकू आली नाही. कुकरची शिट्टी चालू होती. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे एक डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, स्टेथोस्कोप लावला, आणि मला म्हणाले, "आत डबी टोले देत राहील थोडा वेळ. माणूस गेलं हे तिला कळत नाही. तुम्ही घाबरू नका."

मी घाबरले नाही. मी त्या डबीच्या उंचवट्यावर हात ठेवून बसले. काहीच लागत नव्हतं हाताला.

त्यानंतरचा महिना मी एकाच वाक्यापाशी घालवला. चांगलं येऊ दे गं. त्यावर चिमणीचं "बघते मी". किती वेळा तरी मी ते दृश्य पुन्हा रचलं. मी हात धरला नसता, तर. तिने एकदाच, दोन ठोके जास्त मोजले असते, तर. आईला मशीन बसलं नसतं, तिला आपल्या डाव्या कुशीवर वळता आलं असतं, शेवटचे महिने तिने त्या उचकीच्या धाकात काढले नसते. औषधांनी किती दिवस निघाले असते कोणास ठाऊक, पण ते तिचे निघाले असते. तिने अट घातली होती, आणि मी पॅसेजमध्ये तिची अट मोडली. प्रुफं तपासताना मी पानंच्या पानं ओलांडायचे आणि मग कळायचं की काही वाचलेलं नाही.

महिन्याने चिमणी घरी आली. तीन जिने चढून तिलाही धाप लागली होती. हातात फाइल होती. आईच्या खुर्चीत बसावं की नाही ते तिला कळेना, शेवटी ती पलंगाच्या कडेवर बसली. मी तिला चहा दिला आणि तिने पहिला घोट घ्यायच्या आतच विचारलं.

"ते तीन ठोके तू मी म्हटलं म्हणून घेतलेस का?"

तिला लगेच कळलं. "ताई, तुम्ही हे इतके दिवस…"

"सांग."

तिने कप खाली ठेवला आणि फाइल उघडली. "मलाही तेच वाटत होतं. झोप नव्हती मला. म्हणून मागच्या दोन वर्षांतले सगळे काढले. मशीनसाठी पाठवलेले एक्केचाळीस पेशंट. सुट्टीच्या दिवशी जाऊन सगळे ठोके मोजले सगळ्यांचे." तिने कागद माझ्याकडे वळवला. नुसते आकडे होते, दोन रांगांत. "अकरा जण असे निघाले. तीन ठोके धरले तर पासष्टच्या वर, सगळे धरले तर खाली. बाईंसारखेच. यातल्या कोणासाठी कोणी माझा हात धरला नव्हता, ताई. एकालासुद्धा मी ओळखत नाही. मी तसंच केलं असतं. तुम्ही काही म्हटलं नसतं तरी."

मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला माझा दोष परत हवा होता. महिनाभर तो मी अंगावर घेऊन बसले होते, आणि तो माझा होता तोवर आईकडे कोणी बोट दाखवत नव्हतं, मीसुद्धा नाही. आता मध्ये कोणीच उरलं नव्हतं. आकड्यांच्या त्या दोन रांगा होत्या, आणि भिंतीवरचा तो कागद, तिच्या अक्षरातला.

"डॉक्टरांना पत्र लिहिलंय," चिमणी म्हणाली. "अकरातल्या आठांना मशीन बसलंय. तिघांचं व्हायचंय. एकाचं गुरुवारी आहे. म्हणजे परवा. उद्याच्या आत द्यायला हवं. तुम्ही एकदा वाचता का? तुमचं कामच आहे ते."

पत्र चांगलं होतं. सरळ. मोजणीत काय चुकत होतं, कसं लक्षात आलं, अकरा जणांची यादी. फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं: "या विभागातील जुन्या प्रथेनुसार."

"प्रथा कोणाची?" मी विचारलं.

"असू दे ना ताई."

"डॉक्टर विचारतील. कधीपासून आहे, कोणी सुरू केली."

"विचारू दे. मी म्हणेन, माहीत नाही. आम्ही सगळे तसंच करायचो." तिचे डोळे भरून आले होते. "त्यांचं नाव कशाला? त्या खोलीत अजून लोक त्यांचं नाव घेतात. हीटर परवा दुरुस्त झाला, तर वॉर्डबॉय म्हणाला, बाई असत्या तर खूश झाल्या असत्या."

"चिमणे, तिने किती जणांना शिकवलं?"

तिने फाइल मिटली.

"तेवीस," मी म्हटलं. "तू एक. बाकीचे बावीस कुठे कुठे आहेत? त्यांच्या भिंतीवर काय चिकटवलेलं आहे?"

खरं तर हे म्हणताना मला वाटत होतं की तिने काहीतरी उत्तर द्यावं, असं की ज्यामुळे मला ते वाक्य तसंच ठेवता येईल. प्रथा. कोणाचीच नसलेली. पण ती खाली मान घालून नाक पुसत राहिली. मी पेन घेतलं, "जुन्या प्रथेनुसार" खोडलं आणि वर आईचं पूर्ण नाव लिहिलं, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते लिहिलं, आणि तिने शिकवलेल्यांची जेवढी नावं मला आठवत होती तेवढी खाली लिहून काढली. उरलेली चिमणीने सांगितली. मधूनमधून ती म्हणायची, "हा नको, हा सोडून गेला हे काम." मी म्हटलं, असू दे, सांग.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मी प्रुफं तपासत होते.

"पत्र मिळालं," ते म्हणाले. "यादीतल्या चौघांशी बोललो आत्तापर्यंत. दोघांकडे अजून तसंच चालतं." मागे कोणीतरी कोणाला तरी स्ट्रेचर बाजूला घ्यायला सांगत होतं. "उद्याच्या ज्या पेशंटचं होतं, ते आजच दाखल झालेत. मिसेस आहेत बरोबर. त्यांना मीच सांगितलं होतं, नक्की फरक पडेल म्हणून. आता खाली जाऊन सांगायचंय की थांबा."

"हं."

"एक विचारू? नाही सांगितलंत तरी चालेल."

"विचारा."

"बाईंना माहीत होतं का? स्वतःच्या वेळी."

'नाही' म्हणता आलं असतं. ती गेली होती, ती बोलली तेव्हा खोलीत तिसरं कोणी नव्हतं, आणि चिमणीला मी ते सांगितलेलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही 'नाही'च ऐकायचं होतं. प्रश्न विचारायच्या पद्धतीवरूनच ते कळत होतं.

"हो," मी म्हटलं. "टेबलावर असतानाच."

त्यांनी तिकडे कोणाला तरी 'आलोच' म्हटलं. मग म्हणाले, "बरं. खाली ते लोक वाट बघतायत माझी."

"हो. जा तुम्ही."

"जातो," ते म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.